देखरेखीचा दाम

यंत्र चालविण्यास जसा खर्च येतो, तसाच ते नीट चालते की नाही हे पाहण्यासही येतो. हल्लीच्या वेब सर्व्हरवर नजर ठेवणारी यंत्रणादेखील त्या सर्व्हरच्याच शक्तीतून आपला वाटा काढून घेते. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांत हा वाटा मोठा होता. परंतु पुष्कळ वर्षे तो मालकांच्या वहीत कधी चढलाच नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापिलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि प्रत्येक खात्यातील माणसांवर देखरेख कोणी करावी, हा प्रश्न उभा राहिला. तो मुकादमावर, म्हणजे जॉबरवर, सोपवून मालक मोकळे झाले. माणूस कामास लावणे, काढणे, शिस्त राखणे आणि बिघडलेला साचा दुरुस्त करणे ही सारी कामे त्याची. स्त्रियांच्या खात्यात तीच नायकीण करी. एका पगारात तिघांचे काम होत असल्याने ही व्यवस्था फार स्वस्त वाटे.

वस्तुतः ती स्वस्त नव्हती. नोकरी मिळविताना दस्तुरी, गावाहून परतल्यावर पुन्हा कामावर रुजू होताना दस्तुरी! देखरेखीचा खर्च असा मजुराच्या पगारातून वसूल होई. शिवाय माणसे जितकी बदलतील तितकी मुकादमाची प्राप्ती अधिक. तेव्हा कसबी हात टिकून राहण्यात त्याचे हित ते काय? तथापि त्याला केवळ लुबाडणारा म्हणणे अन्यायाचे होईल. अडलेला साचा चालू करणारा तोच, आणि परमुलखात आलेल्या माणसास खोली व उधारी मिळवून देणाराही पुष्कळदा तोच असे.

काटकसरीची वेळ आली, तेव्हा मालकांची दृष्टी मात्र साच्यावरच्या हातांकडे वळली. काही गिरण्यांनी एका विणकऱ्यास दोनांऐवजी तीन साचे देऊ केले. अशा योजनांविरुद्धचा असंतोष हे १९२८ च्या सार्वत्रिक संपाचे एक प्रमुख कारण होते. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत कामाबाहेर राहिले.

भरती व बडतर्फी मुकादमाच्या हातून काढून घ्यावी आणि लेबर ऑफिसर नेमावेत, असे व्हिटले आयोगाने १९३१ साली सुचविले. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांस कार्डे देण्याची पद्धत काढली. रोज सकाळी गैरहजरांच्या जागा कार्डवाल्यांतून भरावयाच्या. साहजिकच नोंदी व निवड यांचा भार कचेरीवर आला. साचा अडला की हाक मात्र मुकादमालाच जाई.