ठशाखालचा ठसा

दीनार आणि दिरहम हे शब्द आपण कुरआनात वाचतो. सूरह आले इमरानमध्ये अमानत परत करण्याची गोष्ट निघते तिथं दीनार आहे, आणि हजरत युसूफ (अलै.) यांना बाजारात विकलं ती किंमत दिरहमांत सांगितली आहे. त्यामुळे हे शब्द मुळातले अरबीच, असं माझ्या वर्गातल्या मुलांना वाटतं. पण दीनार आला रोमच्या 'डेनारियस'वरून आणि दिरहम ग्रीकांच्या 'द्राख्मा'वरून. त्याच द्राख्माचा आपल्याकडे 'द्रम्म' झाला. कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत तो येतो. पुढं मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांनी तो 'दाम' म्हणून वापरला.

मला नाण्यांचा नाद लागला तो असा, शब्दांच्या मागून. शिक्षकाच्या पगारात जुनी नाणी परवडत नाहीत, म्हणून मी त्यांची चित्रं वहीत जमवतो. त्यातही प्रार्थनास्थळं कोरलेली नाणी. रोमन नाण्यांत अशी पुष्कळ आहेत, आणि जगभरात काही लोक फक्त तीच गोळा करतात. सम्राट नीरोच्या नाण्यावर जानुस देवाचं मंदिर आहे. युद्ध चालू असलं की त्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, शांतता झाली की बंद, अशी रोमची रीत. नाण्यावर दरवाजे बंद आहेत. म्हणजे देवळाच्या चित्रातून सम्राट प्रजेला सांगतोय, माझ्या राज्यात शांतता आहे. ते मंदिर आज उभं नाही. ते कसं दिसत होतं हे समजायला हे नाणंच उपयोगी पडतं.

हे सगळं कर्जत-खालापूरपासून फार लांबचं वाटेल, पण तसं नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-ग्रंथात कल्याण बंदराचं नाव आहे. कल्याणहून घाटावर जाणाऱ्या वाटा आपल्याच भागातून चढत. एका वाटेवर कर्जतजवळचं कोंडाणे लेणं आहे, आणि घाट चढून गेलं की कार्ले. कार्ल्याच्या चैत्यातल्या काही खांबांवर ते देणाऱ्या यवनांची नोंद आजही वाचता येते.

याच मुलखावर तेव्हा क्षहरात राजा नहपान आणि सातवाहन यांची झुंज चालली होती. नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर रोमन-ग्रीक धाटणीचा राजाचा चेहरा आहे आणि मजकूर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. ब्राह्मी डावीकडून उजवीकडे जाते, आपल्या देवनागरीची ती पूर्वज. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे जाते. ती अरामी लिपीतून आली, आणि उर्दूची अरबी लिपीसुद्धा त्याच अरामी घराण्यातली. मी सकाळी एका वर्गात उर्दू आणि नंतर दुसऱ्या वर्गात मराठी शिकवतो. फळ्यावर हात दोन्ही दिशांनी चालतो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या बाजारात चालणारं नाणंही दोन्ही दिशांनी वाचलं जात होतं.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात नहपानाच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींची खूण. काही अभ्यासक तिला चैत्य म्हणतात, काही डोंगर. जिंकलेल्या राजाचं नाणं वितळवलं नाही, त्याच्या चेहऱ्यावर आपली खूण उमटवली. तरीही कित्येक नाण्यांवर खालचा चेहरा आणि अक्षरं डोकावतात.

असाच प्रकार बैतुल मक्दिसच्या बाबतीत झाला. तिथलं यहुद्यांचं मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली यहुदी उठले, तेव्हा त्यांनी रोमन राजवटीच्याच चांदीच्या नाण्यांवर त्या पडलेल्या मंदिराचं चित्र ठोकलं. काहींवर सम्राटाचा चेहरा अजून पुसट दिसतो.

आपल्या इतिहासातही हे आहे. रोमन दीनारावर पायऱ्यांवर उभा क्रूस असे. खलिफा अब्दुल मलिकच्या सुरुवातीच्या दीनारांवर पायऱ्या तशाच राहिल्या, क्रूसाची फक्त काठी उरली. पुढं हिजरी ७७ मध्ये चित्रं गेली आणि नुसती अक्षरं आली.

मग आपल्याकडचा महमूद गझनवी. १०२५-२६ मध्ये तो सोमनाथवर चालून गेला. १०२७-२८ मध्ये लाहोरला, म्हणजे त्याच्या महमूदपूरला, पडलेल्या त्याच्या चांदीच्या नाण्यावर कलम्याचं संस्कृत भाषांतर आहे: 'अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद'. पैगंबरांसाठी 'अवतार' हा शब्द! मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर तर बसलेली लक्ष्मी आहे आणि नागरीत घोरीचं नाव.

ही दोन नाणी मोबाइलवर फिरतात तेव्हा कुणी म्हणतं, बघा, आमचे सुलतान किती उदार. दुसरा सोमनाथ दाखवतो. माझ्या मते नाण्यावरून राजाचं मन काढू नये. लोकांचा ज्या नाण्यावर विश्वास होता तसंच नाणं घोरीने पाडलं, कारण व्यापारी ते घेणार होते. त्यातून उदारपणा सिद्ध होत नाही आणि सोमनाथ पुसलं जात नाही. पण राज्य करायचं तर लोकांच्या भाषेत आणि लिपीत बोलावं लागतं, हे त्यातून नक्की कळतं. नवा राजा जुन्यावर ठसा मारतो आणि जुनं खाली राहतं. महाराष्ट्रात आपण मुसलमान मराठी लिहितो-बोलतो, तेही याच लांब रांगेत.

शेवटी एक कामाची गोष्ट. शेतात किंवा पाया खणताना जुनं नाणं मिळालं तर ते सोनाराकडे नेऊ नका. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ पासून कायदा आहे. आणि चिंच किंवा राख लावून ते घासू तर मुळीच नका. घासलं की पुसट असलेला खालचा ठसा आधी जातो.