आरएसव्ही आणि तान्ही बाळे

रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, म्हणजेच आरएसव्ही : फुप्फुसांतील बारीक श्वासनलिकांना सूज आणणारा विषाणू. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची लागण होते. मोठ्या माणसाचे साध्या पडशावर भागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या नलिका मात्र इतक्या अरुंद, की थोडी सूज आणि चिकट कफ त्या बुजवायला पुरतो. बाळाला धाप लागते, ते दूध ओढत नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा श्वास मधूनच थांबतो. २०१९ मध्ये जगातील पाच वर्षांखालील सुमारे १ लाख मुले या विषाणूने दगावली, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक सगळी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली.

१९५६ मध्ये अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींत तो प्रथम सापडला; रॉबर्ट चॅनॉक यांनी लगेचच तो आजारी बाळांतही दाखवला. पुढची कथा दुःखाची आहे. १९६६ मध्ये फॉर्मेलिनने मारलेल्या विषाणूची लस बाळांना टोचली गेली. नंतर खरी लागण झाली तेव्हा एका चाचणीत लस घेतलेल्या २० पैकी १६ बाळांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि दोन दगावली. त्या धक्क्याने लसीचे काम कित्येक दशके मागे पडले. कोडे सुटले ते २०१३ मध्ये. जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहॅम व सहकाऱ्यांनी दाखवले, की विषाणूवरचे ‘एफ’ प्रथिन पेशीत शिरताना रूप पालटते आणि प्रभावी प्रतिपिंडे चिकटतात ती त्याच्या मूळ रूपाला.

आजचे दोन्ही उपाय या शोधावर उभे आहेत. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत आईला लस दिली, की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. किंवा बाळालाच निर्सेविमॅब या तयार प्रतिपिंडाचे एक इंजेक्शन देतात. ते निदान पाच महिने पुरते. युरोपातील एका मोठ्या चाचणीत त्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ८३ टक्क्यांनी घटवले. जिथे बाळे अधिक दगावतात तिथे हे उपाय सर्वांत उशिरा पोचत आहेत, ही गोष्ट क्षम्य नाही.

तोवर घरच्यांच्या हाती बरेच आहे. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवावेत, पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजावे, चुलीच्या व विडीच्या धुरापासून त्याला दूर ठेवावे. खोकणाऱ्या पाहुण्याला, मग तो बारशाला आलेला सख्खा मामा का असेना, बाळाचा पापा घेऊ देऊ नये. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक भरले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा बाळाने दूध सोडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. आकडे न येणाऱ्या दायांनाही ही मोजणी जमावी म्हणून गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मणी सरकवून श्वास मोजायचे साधे साधन वापरात आणले.