बाटलीवाहक पेटी, सरकत्या मुठीची

बाटलीवाहक पेटी, सरकत्या मुठीची : काचेच्या बाटल्या उभ्या आणि एकमेकींना न भिडता नेण्यासाठी केलेली खणांची पेटी. तिची मूठ उचलताना वर येते व पेटी खाली ठेवली की आत जाते. बाजारात तिला क्रेट, खोके, कॅरियर यांपैकी काहीही म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः ७५० मिलि. वाइनच्या बाटलीला धरून आहे, कारण तिची मापे जगभर जवळजवळ एकसारखी असून बहुतेक आराखडे त्यांवरच बेतलेले असतात. दूध, तेल आणि रसायने यांच्या बाटल्यांचा उल्लेख ओघात येईल.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात सोडावॉटर, बीअर आणि औषधे लाकडी खोक्यांतून जात. खोक्याच्या दोन्ही टोकांच्या फळ्यांना हात घालण्यापुरत्या खाचा असत. विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये नालीदार कडेच्या पत्र्याच्या बुचाचे पेटंट घेतले. त्या बुचासाठी बाटलीचे तोंड ठरावीक मापाचे असावे लागे, त्यामुळे बाटल्यांची मापे आणि पाठोपाठ खोक्यांचे खण एकसारखे होऊ लागले. हे खोके उचलणारा मात्र कारखान्याचा किंवा वखारीचा माणूस होता. गिऱ्हाइकाने स्वतः, एका हाताने बाटल्या घरी न्याव्यात हा विचार नंतरचा आहे. कोका-कोला कंपनीने १९२३ मध्ये आणलेले सहा बाटल्यांचे पुठ्ठ्याचे खोके त्याचे ठळक उदाहरण होय. अशा पुठ्ठ्याच्या कॅरियरमध्ये मधला उभा पडदा वर काढून त्याला बोटांसाठी भोक पाडलेले असते. मूठ बाटल्यांच्या दोन रांगांच्या मधोमध असावी हे तत्त्व त्यात आहे, आणि सरकत्या मुठीच्या पेटीने तेच उचलले.

१९६० नंतर लाकडाची जागा उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनने घेतली. जर्मनीत ग्युंटर कुपेट्स यांनी १९६९ मध्ये खनिज पाण्यासाठी ०.७ लिटरची सामायिक बाटली रेखली. ती बारा खणांच्या क्रेटमधून विकली जाते आणि बाटलीप्रमाणेच क्रेटवरही अनामत घेतली जाते. अनामतीमुळे रिकामी क्रेट गिऱ्हाइकाच्या हातानेच दुकानात परत येते, म्हणून तिच्या मुठीचा विचार तेथे गांभीर्याने झाला. भारतात थंड पेयांची चोवीस बाटल्यांची क्रेट ट्रक, हातगाडी आणि हमाल यांच्यासाठी होती. गिऱ्हाईक बाटली दुकानातच रिकामी करी, नाहीतर डिपॉझिट ठेवून एखाददुसरी घरी नेई. मुठीच्या पेटीची गरजच पडली नाही.

मूळ पेच : पेटीला दोन कामे असतात. उचलताना मूठ बाटल्यांच्या तोंडांच्या वर हवी, म्हणजे बोटांना जागा मिळते. थप्पी लावताना तीच मूठ पेटीच्या कडेच्या खाली हवी, कारण वरच्या पेटीचा तळ खालच्या पेटीच्या कडेवर बसतो आणि भार भिंतींमधून जमिनीकडे जातो. मूठ काही मिलिमीटर वर राहिली तरी वरची पेटी तिच्यावर डोलते. मूठ वाकली तर भार थेट बाटल्यांच्या तोंडांवर येतो. पक्क्या मुठीची पेटी थप्पीला निकामी ठरते आणि बाजूच्या खाचांच्या पेटीला दोन्ही हात लागतात, मग जिन्याच्या कठड्याला धरायला हात उरत नाही. सरकती मूठ हा या दोहोंमधला तोडगा आहे. मूठ सरकवणे सोपे असते. सरकल्यावर ती कुठे लपवायची, हा आराखड्यातला खरा प्रश्न.

मानेमधली वाट : याचे उत्तर बाटलीच्याच आकारात आहे. बोर्दो घाटाच्या बाटलीचा व्यास तळाशी सुमारे ७५ मिमी., उंची ३०० मिमी.च्या आसपास आणि मानेचा व्यास सुमारे ३० मिमी. असतो. पडद्यासह खण ८० मिमी.चा धरला, तर शेजारच्या दोन रांगांच्या मानांमध्ये ५० मिमी. रुंदीची मोकळी वाट उरते. पेटीत ही जागा एरवी वाया जाते. मूठ येथे खाली बसवली, तर पेटीची उंची किंवा लांबी-रुंदी एक मिलिमीटरही वाढत नाही. बरगंडी घाटाची आणि फसफसणाऱ्या वाइनची बाटली अंगाने जास्त रुंद असल्याने तिच्यात ही वाट आणखी ऐसपैस मिळते. रुंद तोंडाच्या दुधाच्या बाटलीत वाट अरुंद राहते आणि चौकोनी डब्यांत ती नसतेच. सरकत्या मुठीची पेटी मुख्यतः वाइन आणि बीअरच्या बाटल्यांसाठी का झाली, याचे कारण बरेचसे येथे आहे. दारूच्या व्यापारात पैसा अधिक म्हणून, असेही सांगितले जाते.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने वजन उचलण्याच्या सूत्रासोबत (१९९१ ची सुधारित आवृत्ती) चांगल्या मुठीची मापे दिली आहेत : जाडी १९ ते ३८ मिमी., लांबी निदान ११५ मिमी., बोटांसाठी मोकळीक ५० मिमी. पन्नास मिमी.च्या वाटेत २५ मिमी. जाडीची मूठ बसवली, तर दोन्ही अंगांना साडेबारा मिमी. उरतात. मूठ राहायला ते पुरे, पण ती पकडून वर ओढायला बोट शिरत नाही. म्हणून चांगल्या आराखड्यात मुठीखाली हलकी स्प्रिंग असते. वरून दाबले की खटका सुटतो, मूठ दोन-तीन सेंटिमीटर वर येते आणि मग हाताने पूर्ण ओढता येते. स्वस्त पेट्यांमध्ये मुठीला नुसता पट्ट्याचा फासा लावतात. तो आधी मळतो, मग तुटतो.

सहा की बारा : भरलेली बाटली साधारण १.२ ते १.३ किग्रॅ. भरते. सहा बाटल्या दोन रांगांत लावल्या तर आतले माप १६० × २४० मिमी. होते, वाट बरोबर मध्यावर व लांब बाजूने जाते आणि पेटी चालताना पायाला समांतर राहते. बारा बाटल्यांच्या ३ × ४ मांडणीत लांब बाजूने पाहिल्यास मध्यावर वाट नसून बाटल्यांची रांगच येते. आडव्या बाजूने वाट मिळते, पण मग मूठ आखूड बाजूला समांतर होते आणि ३२० मिमी.ची पेटी दर पावलाला मांडीवर आपटते. शिवाय नुसत्या बाटल्याच १५ किग्रॅ. होतात. एका हाताच्या पेटीची मर्यादा सहा आहे. बाराची पेटी करायची तर दोन मुठी किंवा चाके हवीत, आणि तो वेगळा प्रकार मानावा.

मुठीचे प्रकार : (१) *कडीची मूठ* : बादलीच्या कडीसारखी बाजूला पडणारी. स्वस्त आणि टिकाऊ, पण खाली पडताना बुचांवर किंवा मानांवर आदळते; तिला सरकती म्हणावे की नाही याबद्दल एकमत नाही. (२) *पट्टीची मूठ* : लवचिक पट्टी, दोन्ही टोके खोबणीत सरकणारी, वाद्ये आणि उपकरणे यांच्या पेट्यांत सर्रास आढळते. (३) *दोन पायांची मूठ* : ताठ आडवी दांडी, तिचे दोन पाय टोकांच्या दुहेरी भिंतींत उभे सरकतात. प्रस्तुत नोंदीचा विषय मुख्यतः हाच. (४) *दुर्बिणी नळ्यांची मूठ* : एकात एक शिरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, बटणाने सुटणारी पिन.

अडकणे : दोन पायांच्या मुठीबद्दलची नेहमीची तक्रार ती सरळ आत जात नाही ही असते. एका टोकाला दाबले की ती तिरकी होऊन खोबणीत रुतते. कपाटाचा रुंद खण एका कडेने ढकलला तर अडतो, तेच येथे घडते. हिशोब साधा आहे. मुठीच्या मध्यापासून *अ* अंतरावर बळ लावले आणि पाय खोबणीत *ल* लांबीपर्यंत गुंतलेला असला, तर खोबणीच्या वरच्या व खालच्या टोकांना मिळून जे घर्षण निर्माण होते ते बळाच्या २ × घर्षणगुणांक × अ ÷ ल इतक्या पट असते. ही पट एकच्या वर गेली की कितीही जोर लावला तरी मूठ हलत नाही, कारण बळ वाढवले की घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. मुठीची रुंदी २४० मिमी. म्हणजे टोकाशी *अ* १२० मिमी., घर्षणगुणांक ०.२५ धरला, तर *ल* निदान ६० मिमी. हवी. मूठ पूर्ण वर असतानाही पायाचा एवढा भाग खोबणीत राहिला पाहिजे. बाजारातल्या बऱ्याच पेट्यांमध्ये पेटीची उंची वाचवण्यासाठी तो कमी ठेवलेला दिसतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, पाय लांब करणे : ६० मिमी. चाल व ६० मिमी. गुंतण मिळून १२० मिमी.चा पाय, जो ३०० मिमी. उंच पेटीच्या भिंतीत सहज मावतो. दुसरा, घर्षण कमी करणे : खोबणीत अ‍ॅसिटलचे अस्तर. वाइन किंवा सरबत सांडून खोबण चिकट झाली की याचा फायदा जातो, त्यामुळे खोबण तळाशी उघडी ठेवून धुता येईल अशी करावी. तिसरा, दोन्ही पायांना दात पाडून मधल्या आसाने जोडणे, म्हणजे एक पाय उतरला की दुसऱ्याला उतरावेच लागते. हा सर्वांत खात्रीचा, पण साचा महाग पडतो, आणि १२० मिमी.च्या पायाने जे काम होते त्यासाठी हा खर्च सहसा समर्थनीय नसतो.

भार व साहित्य : सहा भरलेल्या बाटल्या व पेटी मिळून ९ किग्रॅ., म्हणजे सुमारे ९० न्यूटन. झटक्यासाठी तिप्पट धरून प्रत्येक पायावर १३५ न्यूटन येतात. हा भार फारसा नाही. मूठ तुटते ती पायाच्या तळाशी असलेल्या अटकावाच्या कोपऱ्यात. मूठ वर आली की हा अटकाव खोबणीच्या ओठावर आपटतो आणि आतला कोपरा धारदार असला तर तेथून भेग सुरू होते. कोपऱ्याला दोन मिमी. गोलाई दिल्यास पेटीचे आयुष्य पुष्कळ वाढते. पेटीसाठी पॉलिएथिलिन, मुठीसाठी काचतंतूयुक्त नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलिन हा रूढ मेळ आहे. पॉलिएथिलिन उन्हाने ठिसूळ होते, म्हणून उघड्यावर थप्पी लागणाऱ्या पेट्यांत काजळी किंवा प्रकाशरोधक मिसळतात.

तोल : एका रांगेतल्या तीन बाटल्या काढल्या की गुरुत्वमध्य सुमारे ४० मिमी. सरकतो (पेटीचे वजन सोडून). बाटलीचा गुरुत्वमध्य तळापासून १२० मिमी. व मूठ ३६० मिमी.वर असेल तर पेटी साडेनऊ अंशांनी कलते. मूठ आत असताना, ३०० मिमी.वर धरून उचलली तर साडेबारा अंशांनी. मूठ वर सरकवण्याचा हा दुसरा फायदा जाहिरातीत कुठेच दिसत नाही.

चाकांच्या पेट्या : लांब दांड्याची कल्पना प्रवासी बॅगांकडून आली. बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या बॅगेचे अमेरिकी पेटंट १९७२ मध्ये मिळाले, पण ती बॅग पट्ट्याने ओढायची होती. ताठ दांड्याची, दोन चाकांवर उभी चालणारी बॅग नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक रॉबर्ट प्लॅथ यांनी १९८७ मध्ये केली. चाके लावलेल्या बॅगा त्याआधीही झाल्या असल्याने अग्रक्रमाचा वाद आहे. बारा बाटल्यांच्या वाइन सुटकेस याच घाटाच्या. ओढायचा दांडा आणि उचलायची मूठ यांत गल्लत होऊ नये. दांड्याची पिन ओढण्याच्या बेताची असते, जिन्यावर पूर्ण वजन तिच्यावर टाकले की तिचे भोक लांबोळे होते. अशा सुटकेसला उचलण्यासाठी वेगळी, अंगाशी पक्की मूठ असावीच लागते. भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य विनाशुल्क आणता येत असल्याने तिचा येथे उपयोग मर्यादित आहे.

महाराष्ट्र व गोवा : मुंबईत आरे दूध योजनेच्या काचेच्या बाटल्या तारेच्या क्रेटमधून केंद्रांवर येत आणि रिकाम्या धुऊन परत द्याव्या लागत. घरून केंद्रापर्यंतची ने-आण पिशवीतूनच होई. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बाटलीच हद्दपार केली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक परिसरात वायनरी वाढल्या. तेथे भेट देणारा माणूस दोन-चार बाटल्या गाडीपर्यंत नेतो, त्यासाठी पुठ्ठ्याचे खोके पुरते. गोव्यात फेणी वेताने विणलेल्या आवरणाच्या मोठ्या काचेच्या बरणीतून नेत. तिला कान असतो, मूठ नाही.

प्रयोगशाळेतील वापर : अडीच लिटरच्या आम्लाच्या बाटलीसाठी एका बाटलीचे झाकणबंद वाहक वापरतात. संहत सल्फ्यूरिक आम्ल भरल्यास नुसते आम्ल ४.६ किग्रॅ. होते. येथे मूठ सरकती नसावी.

कायदेशीर बाजू : भारतात यंत्रणेला पेटंट (वीस वर्षे) आणि बाह्य आकाराला डिझाइन्स कायदा, २००० खाली नोंदणी (दहा वर्षे, पुढे पाच) मिळते. निव्वळ यांत्रिक रचना डिझाइन म्हणून नोंदवता येत नाही, त्यामुळे मुठीची यंत्रणा आणि पेटीचे रूप यांसाठी दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात बाटलीवाहक बी६५डी ७१ मध्ये व बॅगांच्या खास मुठी ए४५सी १३ मध्ये येतात. शोध दोन्हीकडे घ्यावा.

देखभाल : खोबण कोमट पाण्याने धुवावी, तेल घालू नये, धूळ धरते.