डेक्कन कॉलेजने माणसे कशी निवडली?

आमच्याकडच्या एका जुन्या दर्ग्याच्या दारावर फारसी शिलालेख आहे. दरवर्षी उरुसाला त्यावर चुना आणि फुले चढतात. त्यात काय लिहिले आहे, हे मुजावरांना माहीत नाही, मलाही माहीत नाही. लहानपणी वाटायचे, कुराणातली आयत असेल. मोठेपणी कळले की असे अनेक लेख अगदी व्यवहारातले असतात. इमारत कुणी बांधली, कधी बांधली, त्या वेळी सुलतान कोण होता, एवढेच त्यात सांगितलेले असते. म्हणजे तो इतिहासाचा कागदच, फक्त दगडावर कोरलेला.

हा कागद वाचणारी माणसे तयार करायची तर त्यांना बसायला जागा आणि महिन्याला पगार लागतो. महाराष्ट्रात हे एकदा फार चांगल्या रीतीने घडले होते. ती गोष्ट पुण्याच्या डेक्कन कॉलेजची.

या संस्थेचे मूळ १८२१ सालच्या संस्कृत पाठशाळेत आहे. येरवड्याच्या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी मोठी देणगी दिली. टिळक आणि आगरकर इथेच शिकले. १९३४ साली सरकारने खर्चाचे कारण देऊन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. देणगी शिक्षणासाठी दिली होती, ती सरकारला अशी गिळता येणार नाही, असा त्यांचा दावा होता. प्रकरण कोर्टात गेले. शेवटी १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले, पण आता संशोधन संस्था म्हणून.

निवड

इमारत होती, नाव होते. प्रश्न होता माणसांचा. कुणाला घ्यायचे?

संचालक म्हणून आले इराच तारापोरवाला. पारशी, अवेस्ता आणि तौलनिक भाषाशास्त्राचे जाणकार, कलकत्ता विद्यापीठात शिकवलेले. भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे आले. पुढे संचालकपदही त्यांच्याकडेच आले. पुरातत्त्वाला हसमुख सांकलिया. ते गुजराती होते आणि लंडनहून पदवी घेऊन, तिकडच्या उत्खननात हात मातीत घालून परतले होते. समाजशास्त्राला इरावती कर्वे, ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि बर्लिनच्या डॉक्टरेट. मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यंबक शंकर शेजवलकर. डॉक्टरेट नाही, पण लेखणी अशी की भले भले दचकत.

आणि मध्ययुगीन इतिहासाला, ज्याला तेव्हा सरळ ‘मुस्लिम कालखंड’ म्हणत, आले डॉ. मुहम्मद अब्दुल्ला चगताई. लाहोरचे. प्रसिद्ध चित्रकार अब्दुर्रहमान चुगताई यांचे भाऊ. ताजमहालावरचा त्यांचा प्रबंध फ्रेंचमध्ये लिहिलेला. पुण्यात असताना त्यांनी अहमदाबादच्या मशिदी आणि मकबऱ्यांचा इतिहास तिथल्या शिलालेखांवरून मांडला. तो संस्थेच्याच बुलेटिनमध्ये १९४२ साली छापून आला.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. पारशी, हिंदू, मुसलमान, मराठी, गुजराती, पंजाबी, एक स्त्री, एक बिगर-डॉक्टरेट पत्रकारी वळणाचा इतिहासकार. कोटा भरायचा म्हणून हे झाले नव्हते. या प्रदेशाचा भूतकाळ समजून घ्यायला संस्कृत लागते, तशी फारसी लागते, हाडांची ओळख लागते आणि जमिनीखालचे थरही वाचावे लागतात. विषयाची गरज ओळखून माणसे घेतली, म्हणून यादी आपोआप अशी झाली.

एका छपराखाली

त्याचा फायदा लवकरच दिसला. १९४० च्या दशकात गुजरातेतील लांघणज इथे सांकलिया उत्खनन करत होते. प्राचीन मानवी सांगाडे निघाले. सांकलिया खापर आणि दगडी हत्यारे ओळखत, पण कवट्या मोजणे हे इरावतीबाईंचे काम. दोघांनी ते एकत्र केले. वेगळ्या विभागांच्या भिंती असत्या तर पत्रव्यवहारात वर्षे गेली असती.

शेजवलकरांचे ‘पानिपत १७६१’ हे पुस्तक याच संस्थेच्या ग्रंथमालेत १९४६ साली निघाले. पानिपत म्हणजे हिंदू विरुद्ध मुसलमान, हे सोपे चित्र आजही चालते. पण तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला, हे कुणाला पुसता येत नाही. अशा गुंतागुंतीच्या लढाईचा अभ्यास करायला मोडी कागद जितके लागतात, तितकेच फारसी कागद लागतात.

मग काय झाले?

फाळणीच्या काळात चगताई लाहोरला परतले आणि पुढचे आयुष्य त्यांनी तिथेच काढले. संस्था मोठी होत गेली. १९४८ साली संस्कृतच्या प्रचंड शब्दकोशाचे काम सुरू झाले, पुरातत्त्व विभागाने देशभर नाव कमावले. याचा मला अभिमानच आहे.

महाराष्ट्रात फारसीचे काम थांबले नाही, पण ते एकेकट्या माणसांच्या खांद्यावर आले. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात बसून फारसी कागद संपादित केले. सेतुमाधवराव पगडींनी सरकारी नोकरी सांभाळत ते मराठीत आणले. दोघांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. पण त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न उरतोच. व्यक्ती जाते. टिकायचे असेल तर खुर्ची लागते.

इथे आपल्या समाजालाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. मध्ययुगाबद्दल कुणी काही चुकीचे लिहिले की आपण चिडतो, निवेदने देतो. पण आपल्या किती मुलांना आपण फारसी किंवा मोडी शिकायला पाठवले? मदरशात अरबी-उर्दू शिकलेला मुलगा फारसीच्या उंबरठ्यावरच उभा असतो. त्याला इतिहासाची पद्धत शिकवली आणि शिष्यवृत्ती दिली, तर तो दर्ग्याच्या दारावरचा दगड वाचू शकेल. मराठी घरातली मुलगी फारसी शिकली तर तीही वाचेल. दगड वाचणाऱ्याचा धर्म विचारत नाही.

१९३९ साली पुण्यात काही लोकांनी हे ओळखले होते. मराठ्यांचा इतिहासकार आणि सुलतानांच्या शिलालेखांचा वाचक एकाच व्हरांड्यातून ये-जा करत होते. ती दुसरी खुर्ची आज कुठे आहे, हे विचारायला हरकत नाही. आणि विचारताना, तिच्यावर बसायला आपल्यातले कुणी तयार आहे का, हेही स्वतःला विचारायला हवे.