वरोऱ्याची सिंगर आणि चार प्लग

कादंबरीकाराने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये असे म्हणतात. गेलाच, तर एखाद्या मिस्त्रीला विचारून जावे, एवढी पुस्ती मी स्वानुभवाने जोडतो.

माझ्या नव्या कादंबरीत 1938 सालचा एक तरुण वकील आहे. तो वरोऱ्याच्या कोर्टात वकिली करतो आणि सिंगर कंपनीची स्पोर्ट्‌स मोटार उडवतो. (ही सिंगर शिलाई-यंत्राची नव्हे, जॉर्ज सिंगरने इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आधी सायकली केल्या, मागाहून कंपनीने मोटारी काढल्या.) कल्पना माझी नव्हे. हिंगणघाटच्या जमीनदार घरातल्या मुरलीधर देवीदास आमटे ह्या तरुणाला, म्हणजे आपल्या बाबा आमट्यांना, अशीच सिंगर मिळाली होती आणि तिच्या गाद्यांना बिबट्याचे कातडे होते, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मी ते कातडे उचलले, वर माझा वकील बसवला, आणि लिहून टाकले की त्याने मुंबईहून खास शर्यतीचे प्लग मागवले व गाडी वाऱ्याशी बोलू लागली.

प्रकरण चंद्रपुरातल्या एका वृद्ध मिस्त्रींना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे विचारले, "मास्तर, तुमचा वकील गाडी चालवते का ढकलते?"

"काहून?"

"शर्यतीचा प्लग म्हंजे थंडा प्लग. थो लावून कोर्टात जाईन-येईन, त चार दिवसांत गाडी बैलानं ओढून आना लागन."

माझे विज्ञान मॅट्रिकपर्यंतचे. माझ्या लेखी ठिणगी ती ठिणगी. त्यांनी दोन प्लग माझ्या तळहातावर ठेवले. एकाच्या चिनीमातीचे नाक लांब, दुसऱ्याचे आखूड. लांब नाकातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून तो गरम प्लग. आखूड नाकातली चटकन निघून जाते, म्हणून तो थंड. नाक साधारण 450 अंशांच्या वर तापले तर स्वतःवरची काजळी स्वतःच जाळते. मात्र 900च्या आसपास गेले, तर ठिणगीची वाट न पाहता तेच पेट्रोलाची वाफ पेटवते आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. शर्यतीत इंजिन भट्टीसारखे तापते, तिथे थंड प्लग हवा. गावातल्या संथ फेऱ्यांत तोच काजळून बसतो. प्लग गाडीच्या रुबाबावर निवडायचा नसतो, तिच्या कामावर निवडायचा असतो.

ह्या बोटभर वस्तूचा इतिहासही मनोरंजक आहे. 1860 साली लेन्वार ह्या शोधकाने पॅरिसमध्ये गॅसचे इंजिन विजेच्या ठिणगीने चालवले. 1902 साली बॉशच्या कारखान्यात होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. बिनतारी संदेशाच्या संशोधनात ज्यांचे नाव येते त्या सर ऑलिव्हर लॉज ह्यांच्या मुलांनी इंग्लंडात प्लगचा कारखाना काढला. शर्यतवीर केनेल्म ली गिनेस ह्याने चिनीमातीऐवजी अभ्रक वापरून केएलजी प्लग केले. आपल्याकडे बंगळूरची मायको 1951 साली निघाली.

येथे एक फसगत सांगून ठेवतो, कारण जुनी गाडी बाळगणारे आजही तीत सापडतात. बॉश-मायकोच्या जुन्या क्रमांकांत आकडा मोठा तर प्लग थंड. चँपियनच्या क्रमांकांत आकडा मोठा तर प्लग गरम. तेव्हा नुसता आकडा पाहून बदली प्लग घेणे म्हणजे मापे वेगळी असताना शेर आणि किलो एक मानणे.

मग गॅप. मिस्त्रींनी पत्र्याच्या पातळ पात्यांचे गेज माझ्या हाती दिले. मॅग्नेटोच्या गाडीला 15 ते 20 हजारांश इंच, कॉइलच्या गाडीला साधारण 25. अंतर जास्त झाले तर अशक्त मॅग्नेटोची ठिणगी उडी मारत नाही. कमी झाले तर ठिणगी पडते, पण इतकी लहान की वाफ धड पेटत नाही. वाकवायची ती बाजूची पट्टी. मधल्या टोकाला हात लावला की चिनीमाती तडकते. मी तीन वेळा चुकलो. चौथ्या वेळी पाते किंचित अडत सरकले, तेव्हा ते म्हणाले, "हां, आता लिवा."

घरी येऊन वही उघडली आणि लाज वाटली, ती प्लगपुरती नव्हे. आम्ही लिहिणारे बिबट्याच्या कातड्यावरून एकदम आनंदवनात उडी मारतो. 1951 सालचे सहा कुष्ठरोगी, चौदा रुपये आणि लंगडी गाय ह्यांच्याशेजारी ती सिंगर उभी केली की चित्र झकास उठते. मधले काय? सफाई कामगारांचे जिणे कळावे म्हणून वरोऱ्यात डोक्यावर मैल्याची पाटी वाहणे. पावसात पडलेल्या तुळशीरामला पाहून आधी भिऊन पळणे, आणि मग परत येणे. माणूस बदलला तो तिथे. तो भाग काळवंडलेल्या हातांचा आहे, म्हणून आमच्या लेखण्या तो दोन ओळींत उरकतात.

माझा वकील आता रविवारी बाही सारून स्वतः चारही प्लग काढतो, ब्रशाने काजळी घासतो, गॅप लावतो. प्रकरण दोन पाने लांबले, वारा गेला.

मिस्त्रींना तेही वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "प्लग गरम इंजिनातून खोलले का थंडं होऊ देल्लं?"

ती ओळ दुरुस्त करायची आहे.