हातात छडी नसलेला मास्तर

न्या. पी. बी. सावंत म्हटलं की बऱ्याच जणांना एल्गार परिषद आठवते. मला मात्र त्यांचं प्रेस कौन्सिल आठवतं.

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात क्रिकेट-प्रक्षेपणाच्या खटल्यात त्यांनी निकाल दिला, की प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले, ते २००१ पर्यंत.

तिथे हातात होतं काय? १९७८ च्या कायद्याप्रमाणे ताकीद, कानउघाडणी, निषेध. दंड नाही. तेही वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरतंच, टीव्ही कक्षेबाहेर.

आणि नेमका टीव्हीच त्यांच्या वाट्याला आला! २००८ साली एका घोटाळ्याच्या बातमीत 'टाइम्स नाऊ'ने दुसऱ्याच न्यायाधीशांऐवजी त्यांचा फोटो दाखवला. सावंत कोर्टात गेले. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई ठरवली.

त्यांचा संताप मला पटतो, पण आकड्याची धास्ती वाटते. असा निकाल एखाद्या तालुक्याच्या साप्ताहिकावर आला तर? एकीकडे नुसती कानउघाडणी, दुसरीकडे थेट कुऱ्हाड. मधली वाट एकच: चूक कळताच, तेवढ्याच ठळकपणे मागितलेली माफी. तिला ना कायदा लागतो, ना कोटी.

तुम्हाला काय वाटतं?