महजर आणि न्यायाधीशाचे खासगी जीवन

राधानगरीच्या पक्षकारास उच्च न्यायालयात दाद मागावयाची झाल्यास पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कार्यरत झाले. न्यायासन असे लोकांच्या जवळ आले, की एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो : न्याय देणाऱ्याविषयी लोकांस किती ठाऊक असावे?

मराठेशाहीतील गोतसभेच्या निवाडपत्रास 'महजर' म्हणत. 'महजर' आणि 'हजर' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. सभेत कोण हजर होते, याची नोंद हाच त्या पत्राचा प्राण होय. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. इतर वतनदार आपापल्या व्यवसायाची. निवाडा करणारे गावातलेच असल्यामुळे त्यांचे घर, कूळ व व्यवहार सर्वांस माहीत असत. परंतु ही ओळख दुधारी होती. पक्षपात हेरणारा शेजारीच भीडही घालू शके. म्हणूनच गोताचा भरवसा न वाटल्यास वादी 'परस्थळ' मागे, म्हणजे वाद दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे नेई. निवाडा उघड असावा, पण निवाडा करणारा दबावापासून दूर असावा, ही जाणीव या एका शब्दात साठलेली आहे.

भिडेपेक्षा सत्तेचे भय मोठे. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस दोषी ठरविले. देहान्त प्रायश्चित्त सांगून त्यांनी पुणे सोडले, अशी परंपरा आहे. निर्णय लोकांसमोर राहिला, परंतु तो देणाऱ्यास राजधानीत राहणे उरले नाही. न्यायाधीशाची सुरक्षितता ही केवळ त्याची सोय नव्हे, ती पुढील निर्णयाची पूर्वअट आहे, हे यावरून दिसते.

13 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीशांचे कार्यालय माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत आणले. तथापि खासगीपणा व लोकहित यांचा तोल प्रत्येक प्रकरणी पाहावा, असेही सांगितले. मे 2025 मध्ये त्या न्यायालयातील अनेक न्यायाधीशांच्या संपत्तीची विवरणे संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली.

महजर व परस्थळ यांच्या प्रकाशात या तोलाची एक कसोटी हाती येते. ज्या माहितीने निःपक्षपात तपासता येतो, ती उघड असावी : निर्णयाची कारणे, संपत्ती, पक्षकारांशी असलेले संबंध. ज्या माहितीने केवळ भय घालता येते, ती झाकलेली राहावी : राहते घर, मुलांची शाळा, रोजची वाट. महजरावर निशाणी असे, ती निवाड्याची जबाबदारी घेण्यासाठी. घराचा माग दाखविण्यासाठी नव्हे.